गिरिजाक्कांचा पहिला घास

मी गिरिजाक्कांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्वतःच्या संगणकाचा पडदा मुद्दाम काळा करत होत्या. मान वाकडी करून खांद्यावर रिसीव्हर धरलेला, डावा हात मॉनिटरखालच्या, उजेड कमी-जास्त करायच्या बारीक चाकावर, आणि तोंडाने पलीकडच्या माणसाला सांगणं चालू, "हं, माझापण गेला बघा. पूर्ण काळा. आता आपण दोघं मिळून आणूया परत." पलीकडे कोणी निवृत्त फौजी साहेब होते. त्यांचा आवाज मला दारात ऐकू येत होता. आमच्या खेळाने त्यांचा नवा संगणक मारून टाकला, असा त्यांचा आरोप होता. खरी गोष्ट एवढीच होती की कामवालीने फडकं मारताना ते चाक उलटं फिरवलं होतं, आणि अक्कांना ते पहिल्या अर्ध्या मिनिटात कळलं होतं.

फोन संपल्यावर मी माझी ओळख करून दिली आणि पुणेरी आगाऊपणाने विचारलं, "नुसतं चाक फिरवा म्हणून सांगायचं की. तुमचा कशाला काळा केलात?"

"मग माझापण गेला असं कसं म्हणणार?" अक्का म्हणाल्या. "खोटं बोलून धीर देता येत नाही रे. लोकांना कळतं ते. बस स्वल्प, कॉफी घे."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. बसवनगुडीत गांधीबझारच्या मागे, कॉफी पावडरच्या दुकानावरच्या माळ्यावर आमची सात-आठ माणसांची कंपनी होती. आम्ही मुलांसाठी संगणकाचे खेळ बनवत होतो. हत्तीला जंगलातून घरी न्यायचं आणि वाटेत बेरजा-वजाबाक्या सोडवायच्या, असा आमचा मुख्य खेळ. खेळ तीन फ्लॉपींवर यायचा आणि त्या एकामागून एक संगणकात घालून तो चढवावा लागायचा. तो चढवण्याचा प्रोग्राम लिहिणं हे माझं काम, आणि तो चढला नाही की लोकांचे फोन घेणं हे गिरिजाक्कांचं.

अक्का तेव्हा पन्नाशीच्या पुढे असतील. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेलं. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की पहिले काही दिवस मला त्यांचं निम्मंच कळायचं. त्यांना माझं मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटायचं. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, पहिल्या दिवसापासून मी 'पुणेकर'. वैधव्य लवकर आलं होतं, भावाच्या घरी राहत होत्या. टायपिंग शिकल्या, मग एका दुकानात संगणक शिकल्या, आणि आमच्या मालकांनी त्यांना फोनवर बसवलं कारण त्यांना कन्नड, तमिळ, मराठी आणि कामापुरतं इंग्रजी येत होतं. प्रोग्रामिंग त्यांना येत नव्हतं. त्यामुळे मी आणि माझ्यासारखे दोघे-तिघे त्यांना मनातून जरा खालच्या पायरीवर धरत होतो. हे आज लिहिताना हात अडखळतो, पण धरत होतो.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाइकाने फोन केला की त्या आपल्या संगणकात त्याच फ्लॉप्या घालायच्या आणि त्याच्याबरोबर पहिल्यापासून खेळ चढवायला घ्यायच्या. प्रत्येक पायरी आधी त्या स्वतः करायच्या, आपल्या पडद्यावर काय झालं ते बघायच्या, आणि मग म्हणायच्या, "पहिला घास माझा. मी खाल्ला, मला काही झालं नाही. आता तुम्ही घ्या." हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा ऐकत असे. एकदा जयनगरच्या एका आजोबांनी फ्लॉपी कागदी पाकिटासकट आत कोंबली होती. अक्कांनी आपलीही पाकिटासकट कोंबली, ती अडकली, आणि दोघांनी मिळून चिमट्याने ओढून काढली. आम्ही पोट धरून हसत होतो. अक्का रिसीव्हरवर हात ठेवून आमच्यावर डोळे वटारत होत्या.

दुसरी त्यांची सवय म्हणजे वाचून घेणं. गिऱ्हाईक घाबरलेलं असलं की भराभरा आपली अटकळ सांगू लागतं. व्हायरस आला असेल, वीज गेली होती म्हणून झालं असेल. अक्का शांतपणे म्हणायच्या, "समजावून सांगू नका हो, नुसतं वाचा. पडद्यावर काय दिसतंय ते, पहिल्या अक्षरापासून." काय झालंय ते त्यांना पुष्कळदा आधीच ठाऊक असे. तरी त्या सांगत नसत. माणूस वाचून संपवेपर्यंत वाट बघत. मी एकदा म्हटलं, "तुम्हाला माहीतच आहे तर पाच मिनिटं कशाला घालवता?" त्यावर म्हणाल्या, "मी सांगितलं तर आजचं काम होईल. त्यांनी वाचलं तर उद्या ते मला फोन करणार नाहीत. भीती उतरली की खेळ आपोआप चढतो, अल्वा? हो की नाही?" आणि फोन त्या कधीही आधी खाली ठेवायच्या नाहीत. पलीकडून ठेवल्याचा आवाज आला की मगच.

त्यांचं मशीन म्हणजे निव्वळ अडगळ होती. भाचीच्या लग्नाच्या याद्या, पाककृती, पत्रिका मांडायचा कुठलासा प्रोग्राम, अर्धवट पुसलेले जुने खेळ, भावाच्या सोसायटीची पत्रं. डिस्क गळ्यापर्यंत भरलेली. मी एकदा ते साफ करून देऊ का विचारलं तर म्हणाल्या, "अय्यो, हात लावू नको! पाव्हणा येणार म्हणून लोक कपाट रिकामं करून ठेवतात काय? आपला खेळ लोकांच्या भरलेल्या घरात जाणार. मग माझंपण घर भरलेलंच पायजे." मालकांना ते पटलं होतं. म्हणून कंपनीत नियम होता की कुठलीही नवी आवृत्ती आधी अक्कांच्या मशीनवर चढवून बघायची. ती तिथे चढली की चिठ्ठीवर लिहायचं, 'अक्कांच्या मशीनवर चाललं', खाली सही करायची, आणि मगच फ्लॉप्यांच्या नकला काढायच्या.

आता माझ्याकडे येतो.

हत्तीच्या खेळाची नवी आवृत्ती कडलेकाई परिशेच्या सुमारास तयार झाली. बसवनगुडीत नंदीच्या देवळासमोर शेंगांची ती जत्रा भरते, रस्त्यावर शेंगांचे ढीग लागतात, आणि अक्का त्या सोमवारी दरवर्षी सुट्टी घेत. मालकांना संध्याकाळपर्यंत फ्लॉप्या हव्या होत्या. मी दुपारी अक्कांच्या मशीनवर खेळ चढवायला घेतला, तो अर्ध्यात थांबला. जागा नाही. पुन्हा केला, पुन्हा थांबला. प्रोग्राम दुरुस्त करायला दोन दिवस लागले असते आणि मालकांसमोर मान खाली घालावी लागली असती. मग मी अक्कांच्या फायली सहा-सात फ्लॉप्यांवर काढल्या, त्या माझ्या खणात ठेवल्या, आणि त्यांची डिस्क धुऊन पुसून कोरी केली. कोऱ्या मशीनवर खेळ झोकात चढला. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'अक्कांच्या मशीनवर चाललं', आणि झोकदार सही केली.

दुसऱ्या दिवशी अक्का कागदाच्या मोठ्या पुडीतून सगळ्यांना शेंगा घेऊन आल्या. माझ्या टेबलावर दोन ओंजळी ओतल्या. मी शेंगा खाल्ल्या, टरफलं खिडकीत ठेवली, आणि काही बोललो नाही. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, कोरं मशीन आणि भरलेलं मशीन दिसायला सारखंच. आपल्या जुन्या फायली त्या रोज उघडून बघत नसत. आज नको, उद्या परत टाकू, असं करत मी नऊ दिवस काढले. त्या नऊ दिवसांत त्या मला एकदा म्हणाल्या, "या वेळेला बरं केलंस रे पुणेकर. माझ्या अडगळीतपण सरळ चढतंय." मी थँक्यू म्हणालो.

दहाव्या दिवशी दुपारी ललितम्मांचा फोन आला. बनशंकरीत त्यांच्या यजमानांचा होमिओपॅथीचा दवाखाना होता, घरातच. नात संक्रांतीला येणार म्हणून त्यांनी हत्तीचा खेळ आणला होता, पण नात यायच्या आधी त्यांना स्वतःला शिकायचा होता, म्हणजे नातीसमोर फजिती नको. यजमानांच्या रुग्णांचे कागद त्याच संगणकावर होते. ते त्यांनीच वर्षभर एकेक करून भरले होते, पण खेळ कधी खेळल्या नव्हत्या. हे सगळं त्यांनी अक्कांना पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं आणि अक्का आमच्याकडे बघून कौतुकाने हसल्या. वय दोघींचं साधारण एकच असावं.

तीन फ्लॉप्या झाल्या. शेवटी पडद्यावर प्रश्न आला. माझ्या प्रोग्रामने खेळ चढवताना काही तात्पुरत्या फायली 'डेटा' नावाच्या कप्प्यात ठेवल्या होत्या, आणि त्या काढू का म्हणून तो विचारत होता. हो असेल तर वाय दाबा, नको असेल तर एन.

"पहिला घास माझा," अक्का म्हणाल्या. वाय दाबलं. पडद्याकडे बघितलं. "काही झालं नाही. दाबा तुम्ही."

ललितम्मांनी दाबलं. हत्ती चीत्कारला. त्यांच्या घरातल्या हत्तीचा आवाज अक्कांच्या रिसीव्हरमधून आम्हाला ऐकू आला, आणि त्याच्यामागून एका पन्नाशीच्या बाईचं लहान मुलीसारखं हसू. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तासाभराने डॉक्टरांचा फोन आला. रुग्णांचे कागद दिसत नव्हते. चारशेच्या वर रुग्ण, कुणाला कधी काय दिलं, कुणाला काय सोसत नाही, सगळं. अक्कांनी कागद कुठल्या कप्प्यात होते म्हणून विचारलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मोठ्याने उच्चारलं, "डेटा."

मला त्याच क्षणी कळलं. काम झाल्यावर मी फक्त माझ्या चार फायली काढायला हव्या होत्या. तेवढी चार नावं लिहायचा मी कंटाळा केला होता आणि कप्पा सरसकट काढून टाक असं लिहिलं होतं. डेटा नावाचा कप्पा कुणाच्या घरी आधीपासून असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अक्कांच्या अडगळीत तो होता. भाचीच्या लग्नाच्या याद्या त्याच कप्प्यात होत्या. त्यांचं मशीन तसंच ठेवून मी दोन दिवसांत प्रोग्राम दुरुस्त केला असता तर मुळात चाचणीतच मला हे दिसलं असतं, आणि माझ्या नजरेतून सुटलं असतं तरी त्या दुपारी वाय दाबल्यावर आधी अक्कांच्या याद्या गेल्या असत्या. त्या ललितम्मांना म्हणाल्या असत्या, थांबा. पहिला घास त्यांनी खाल्ला होता, पण ताट मी बदललं होतं.

इथवरचं कुणी पोरकटपणा म्हणून सोडूनही देईल. पुढचं सोडता येत नाही. संगणकातून पुसलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथेच असते, आणि ती परत कशी काढायची हे आमच्या कंपनीत मला सगळ्यात चांगलं येत होतं. मी तेव्हाच अक्कांच्या हातातून रिसीव्हर घेऊन म्हणायला हवं होतं, "डॉक्टर, मशीन बंद करा, कुणी हात लावू नका, मी निघालोच." बसवनगुडीहून बनशंकरीला रिक्षाने कितीसा वेळ. त्याऐवजी मी काय केलं? अक्का फोनवर डॉक्टरांची समजूत घालून मालकांना सांगायला आत गेल्या तेव्हा मी खणातल्या फ्लॉप्या काढल्या आणि त्यांच्या फायली त्यांच्या मशीनवर होत्या तिथे परत टाकल्या, फक्त अर्धवट पुसलेले जुने खेळ वगळले, म्हणजे जागा उरेल. मग माझ्या टेबलाशी येऊन प्रोग्राममधली ती ओळ दुरुस्त केली. बाहेर गेलेली खोकी किरकोळ सुधारणेच्या नावाखाली परत मागवायची, हेही ठरवून टाकलं. माझा तो तास फार कामाचा गेला. बनशंकरीत डॉक्टरांनी तेवढ्यात रागाच्या भरात आपला दवाखान्याचा प्रोग्राम नव्याने चढवला आणि खाली जे काही शिल्लक होतं ते कायमचं गाडलं गेलं.

संध्याकाळी मालकांनी आम्हा दोघांना अक्कांच्या मशीनसमोर उभं केलं. "तुम्ही स्वतः वाय दाबलं होतं ना? मग तुमचा डेटा गेला का?" त्यांनी अक्कांना विचारलं. अक्कांनी कप्प्यांची यादी पडद्यावर आणली. डेटा होता. आतमध्ये लग्नाच्या याद्या, पत्रं, सगळं जागच्या जागी. मालकांनी मी पुढे केलेली, दुरुस्त केलेली फ्लॉपी घालून खेळ पुन्हा चढवून बघितला. काही गेलं नाही.

अक्का पडद्याकडे बघत राहिल्या. त्या यादीत प्रत्येक कप्प्याच्या नावासमोर तो कधी तयार झाला त्याची तारीख आणि वेळ असते. डेटासमोर आजची तारीख होती आणि दुपारी तीन-सव्वातीनची वेळ. कित्येक वर्षांच्या अडगळीचा कप्पा अडीच तासांपूर्वी जन्माला आला होता. मालकांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"पुणेकर," अक्का म्हणाल्या, "वाच रे. काय दिसतंय?"

मी वाचलं. नावं वाचली. तारीख वाचली नाही.

"झालं वाचून?"

"झालं."

त्या माझ्याकडे बघत होत्या. अडलेल्या गिऱ्हाइकाच्या वेळी रिसीव्हर धरून बसत तशाच, घाई न करता. मी बुटाच्या नाडीकडे बघत होतो. मग त्या मालकांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. माझ्या मशीनवर तर काही झालेलं दिसत नाही. मीच त्यांना काहीतरी उलटं सांगितलं असेन, नाहीतर त्यांचं बोट चुकलं असेल."

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी अक्कांना काढलं नाही, फोनवरून उठवून खोकी भरायला बसवलं. फोनवर एक नवी मुलगी आली. ती फार तरतरीत होती आणि गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर द्यायची. अक्का कोपऱ्यात बसून तीन फ्लॉप्या, एक पुस्तिका, एक रंगीत कागद असं खोक्यात घालायच्या. फोन वाजला की त्यांचा हात उचलला जायचा आणि परत खोक्यावर यायचा. मी त्यांच्या समोरच बसत असे. दोन महिने हे मी रोज बघितलं, आणि रोज संध्याकाळी खोलीवर गेल्यावर ठरवलं की उद्या सांगायचं.

दोन महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. मी उभा राहिलो. "अक्का, त्या दिवशी..." एवढं म्हणालो आणि थांबलो.

त्यांनी वाट बघितली. मग म्हणाल्या, "मी वाचून दाखवलं असतं त्या दिवशी, तर तू नुसता सापडला असतास. त्याने काय झालं असतं?" पिशवी खांद्याला लावली. "मी फोन खाली ठेवलेला नाही हां पुणेकर. तू सावकाश वाच."

त्यांचं घर ऑफिसपासून चालत सात मिनिटांवर होतं. मी तीन वर्षांत एकदाही गेलो नाही. पुढे मोठ्या कंपनीत लागलो, लोक मला हुशार म्हणू लागले, आणि शेंगांची जत्रा आली की मी काहीतरी काम काढून गावाबाहेर जात असे. निगरगट्ट माणसाला लाज वाटत नाही असं म्हणतात. तसं नसतं. लाज वाटते आणि माणूस निगरगट्टही राहतो, दोन्ही एकदम जमतं. मला जमत होतं.

मग एक दिवस जुन्या ऑफिसातल्या कुणीतरी फोनवर सांगितलं की गिरिजाक्का गेल्या. थोडंच आजारपण झालं. तेराव्याला मी गेलो. भावाने घराजवळच्या एका हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. भाऊ मला ओळखत नव्हते. अक्कांच्या ऑफिसातला, पुण्याचा, असं सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे पुणेकर? अक्का म्हणायची, एक फोन यायचाय पुणेकराचा. आम्हाला वाटायचं पुण्यात कोण नातेवाईक हिचे." आणि मला पंगतीत नेऊन बसवलं.

शेजारी एक वयस्क जोडपं होतं. पानावर कोसंबरी वाढली जात असताना बाईंनी मला कन्नडमध्ये विचारलं, मी अक्कांचा कोण. एकत्र काम करायचो, हत्तीच्या खेळाच्या कंपनीत, असं म्हणालो. त्यांचा हात थांबला.

"मी ललिता," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे गेलं त्यांचं फोनवरचं काम. माझं बोट चुकलं. त्यांनी बरोबर सांगितलं होतं, मीच भलतं काहीतरी दाबलं असणार." मग हळूहळू बाकीचं सांगितलं. त्या प्रकारानंतर अक्का वर्षभर दर शनिवारी त्यांच्या घरी येत होत्या. डॉक्टरांच्या जुन्या वह्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या यांतून जमतील तेवढे रुग्णांचे कागद पुन्हा भरून देत होत्या. ललितम्मा वाचायच्या, अक्का टाइप करायच्या. "त्या दर वेळी म्हणायच्या, आता तुम्ही बसा, मी वाचते. मी नाही बसले. नकोच ते. माझ्या हाताला यश नाही. नात आली तरी मी त्या खोलीत जात नाही, लांबूनच बघते." यजमान कधी एका शब्दाने बोलले नाहीत, असंही त्या म्हणाल्या. फक्त त्यांनी कीबोर्डवर घालायला कापडाची खोळ शिवून घेतली, नाडी बांधायची.

मी तोवर समजत होतो की मी एकाच व्यक्तीचा अपराधी आहे आणि ती आता नाही. सुटलो असंही कुठेतरी मनात आलं होतं, तेही लिहून टाकतो. ललितम्मा पानावरचा भात चिवडत होत्या. त्यांच्या उजव्या हाताच्या त्या बोटाकडे मला बघवेना.

"अम्मा," मी म्हणालो, "तुमचं बोट चुकलं नव्हतं."

आणि मग मी वाचायला लागलो, पहिल्या अक्षरापासून. माझं कन्नड मोडकंतोडकं, जिथे अडलं तिथे मराठी घातलं. जत्रेचा सोमवार, पुसलेली डिस्क, चिठ्ठीवरची सही, शेंगा, ती सरसकट ओळ, खणातल्या फ्लॉप्या, वाया घालवलेला तास, न वाचलेली तारीख. त्यांनी मला शेवटपर्यंत वाचू दिलं. असं ऐकणं अक्कांकडूनच शिकल्या असाव्यात.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे मी वाय दाबलं, ते बरोबर होतं?"

"बरोबर होतं. अक्कांनी सांगितलं तेच दाबलंत तुम्ही. चूक माझी होती."

मला वाटलं होतं त्या चिडतील, पानावरून उठतील. मी त्याला तयार होतो. त्यांनी डाव्या हाताने यजमानांच्या दंडाला धरलं आणि हलवलं. "री, अहो ऐका. हे काय सांगतायत ऐका."

डॉक्टर पायसाची वाट बघत होते. त्यांना आता कमी ऐकू येत होतं. त्यांनी कानामागे हात धरला आणि माझ्याकडे वाकून म्हणाले, "काय?"

"खेळ चढवताना तुमचे कागद गेले ते माझ्यामुळे गेले," मी म्हणालो.

"काय?"

"मोठ्याने सांगा," ललितम्मा म्हणाल्या. "सगळं सांगा. मला सांगितलं तसं."

वाढणारा माणूस पायसाचं भांडं घेऊन आमच्यासमोर तसाच थांबला होता, आणि पलीकडच्या रांगेतून अक्कांचे भाऊ आमच्याकडे बघत होते. मी जत्रेच्या सोमवारपासून, मोठ्याने, पुन्हा सुरुवात केली.